राबाची राख

लोणावळ्याच्या कुशीतल्या कुसगावासारख्या मावळी गावांत भातशेतीचा आरंभ पावसाने नव्हे, विस्तवाने होत आला आहे. उन्हाळ्यात रोपांच्या जागी शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर अंथरायचे, वर थोडी माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून तो राब सावकाश भाजायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत.

इंग्रजी वनखात्याला या धुरात दिसली ती झाडांची नासाडी. टहाळ तोडण्यावर बंधने आली. ठाणे-कुलाब्याकडे असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. राबावाचून रोप जोम धरत नाही, असे शेतकरी म्हणे. पुष्कळ साहेबांना ती निव्वळ उधळपट्टी वाटे.

शास्त्राने या वादात लक्ष घातले ते पुढे. १९०९ साली इंग्लंडात रॉदॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखविले की, माती तापविली म्हणजे तिच्यातील कित्येक सूक्ष्म जीव मरतात. पण तगलेले जिवाणू मग झपाट्याने वाढतात आणि मातीत अमोनिया वाढतो. मेलेल्यांची शरीरेच जगलेल्यांचे अन्न होतात, आणि त्यांतून सुटलेला नत्र रोपाला मिळतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली खास राबावरच प्रबंध प्रसिद्ध केला. अडाणी ठरविलेली रीत अशी प्रयोगशाळेत पोचली.

पण दुसरी वाटही होती. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेण यांच्या ढिगांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. तेथे विस्तवाचे काम बुरशी व जिवाणू करतात. आगीत पाल्यातला बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो. नीट कुजविला तर तो पुष्कळ अंशी मातीच्या पदरी पडतो.

म्हणजे शेतकऱ्याचा अनुभव खरा होता, आणि रानाची काळजीही खोटी नव्हती. दोघांच्या मध्ये राबणाऱ्या त्या अदृश्य जिवांची साक्ष मात्र कोणी काढली नव्हती.

आज कुसगावाजवळून द्रुतगती मार्ग धावतो आणि मावळात खाचरांच्या जागी बंगले उठत आहेत. पान अजूनही गळते. पण गळलेले पान पोटात घेणारी मातीच सिमेंटखाली गेली, तर ते भाजावे की कुजवावे, हा वाद तरी कोणासाठी उरेल?