सुईची वाट आणि तोंडाची वाट

पिंपरीचे नाव आज मोटारींशी जोडले जाते. परंतु येथील कारखानदारीच्या इतिहासात एक मानाचे पान औषधाचे आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले, आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. ही दोन्ही औषधे कुपीत भरून जात आणि सुईने टोचली जात. ती भाकरीसारखी तोंडाने का घेता येत नसत? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेलो, तर आपण थेट लहान आतड्याच्या दाराशी येतो.

प्रथम भाकरीचीच वाट पाहू. तिच्यातील पिठूळ द्रव्य लाळेने थोडे फुटते. जठरात तीव्र आम्ल असते. तेथे मुख्यतः डाळीतले, दुधातले प्रथिन फुटू लागते. खरे काम पुढे, लहान आतड्यात. हे आतडे लहान ते रुंदीने. लांबीला सुमारे ६ मीटर. त्याच्या आरंभीच स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचे पित्त येऊन मिळते व आम्ल शमते. पिठाची साखर होते, प्रथिनांचे तुकडे होतात, तेलतुपाचे बारीक कण होतात. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अखेरचे फोडणे त्यांच्या पृष्ठावरच होते, आणि तेथूनच अन्नरस आत शिरतो. साखर व प्रथिनांचे घटक रक्तावाटे यकृताकडे जातात. बहुतेक स्निग्धांश लसिकावाहिन्यांची निराळी वाट धरतो.

या दारावर पहारा कडक आहे. साध्या पेनिसिलीनचा बराच भाग जठरातल्या आम्लानेच मोडतो; दारापर्यंत तो पोहोचतच नाही. स्ट्रेप्टोमायसिनची अडचण वेगळी. आतड्याच्या पेशींचे आवरण स्निग्ध, आणि हे द्रव्य पाण्याचे सोबती. म्हणून ते आत न शिरता जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. तेव्हा सुई हाच मार्ग उरला. १९५० नंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील कुंडल येथे आम्लाला टिकणारे पेनिसिलीन सापडले आणि त्याची गोळी झाली. तरी लोकांच्या मनात एक समजूत घर करून राहिली: गोळी हे किरकोळ औषध, खरे औषध ते सुईतले.

ही समजूत तपासावयाची तर एका जुन्या वैऱ्याकडे वळले पाहिजे. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीस विसावते व पुण्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पटकीचे भय असे. रोग त्याहून जुना. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याने त्याचे वर्णन केले आहे, आणि त्याने नोंदलेले देशी नाव आपल्या ‘मोडशी’चेच रूप होय.

आपण रोज पितो ते पाणी आणि शरीर स्वतः ओतते ते रस मिळून ८-९ लिटर द्रव आतड्यात येतो. निरोगी माणसात त्यातला फारच थोडा बाहेर जातो. बाकीचा आत शोषला जातो. पटकीत हा हिशेब उलटतो. पाणी व क्षार ओसंडून जातात, आणि रोगी काही तासांत कोरडा पडून मरू शकतो. आतड्याचे अस्तरच झडून जाते, असे पुष्कळ वैद्य मानीत. मग तोंडाने पाजून उपयोग काय? परंतु १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, हे काम जंतूच्या विषाचे आहे. त्याच सुमारास रोग्यांच्या आतड्याचे तुकडे तपासता अस्तर शाबूत आढळले. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडले की, ग्लुकोज आतड्यात शिरते ते मिठातील सोडियमचा हात धरून. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी जाते. विशेष हे की, पटकीतही हे दार उघडेच राहते.

कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजून रोगी बरे केले होते. पण कारण ठाऊक नसल्याने जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६८ साली ढाक्यास या उपायाची रीतसर परीक्षा झाली. १९७१ साली बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले. नातलगांनीच ते रोग्यांना पाजले. शेकडा ३० च्या घरात असलेला मृत्यू ४ च्या आत आला.

यात सुईचा अपमान नाही. ज्याला गिळवत नाही, ज्याची नाडी लागत नाही, त्याला शिरेतूनच द्रव दिला पाहिजे, आणि तोही तातडीने. परंतु साध्या अशक्तपणासाठी सलाईनची बाटली मागणारे आम्ही, जुलाबाने कोमेजणाऱ्या मुलाचे पाणी मात्र तोडतो. हे अज्ञान महागात पडते. क्षारसंजीवनीची पुडी मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अधिक घालू नये, ते घातक ठरते. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. गेलेले पाणी भरून येते, आणि जीव वाचतो तो त्यानेच.

सुईला कारखाना लागतो, कुपी लागते, जाणता हात लागतो. तोंडाच्या वाटेला स्वच्छ पाणी, चमचा आणि उशाशी बसणारे माणूस पुरते. पहिली वाट आम्ही पिंपरीत अभिमानाने बांधली. दुसरी प्रत्येक घरात आधीपासून आहे, ती तेवढी ओळखावयाची राहिली आहे.