रॅप गाण्याचा ३६० डिग्री व्हिडीओ कसा बनतो? नाशिकच्या कॉलेजवाल्यांसाठी

यूट्यूबवर एखादा व्हिडीओ लावून फोन फिरवला की आतलं दृश्यही फिरतं, हे तुम्ही पाहिलं असेल. हा ३६० डिग्री व्हिडीओ. यूट्यूबने ही सोय मार्च २०१५ मध्ये दिली आणि अमेरिकेतल्या रन द ज्युएल्स या रॅप जोडीने २०१६ मध्ये ‘क्राउन’ या गाण्याचा असा व्हिडीओ केला. तुमच्या फोनमध्ये जायरोस्कोप नसेल तर बोटाने दृश्य सरकवावं लागतं, एवढाच फरक.

आधी एक गैरसमज काढू. हा पूर्ण व्हीआर नव्हे. यात मान वळवून चौफेर पाहता येतं, पण एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. त्यासाठी युनिटीसारख्या गेम इंजिनमध्ये अख्खं जग उभारावं लागतं. कॉलेज प्रोजेक्टला ३६० पुरेसं आहे. कॅमेरा विकतच घ्यायला हवा असं नाही, भाड्यानेही चालतो.

या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय लेन्स असतात. सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं एकमेकांना शिवतं. ही शिवण जिथे येते तिथे जवळ उभा असलेला माणूस कापल्यासारखा दिसतो, म्हणून रॅपरला लेन्सच्या थेट समोर आणि किमान एक-दीड मीटर लांब उभं करा. दुसरी तक्रार नेहमीची: ‘४के शूट केलं तरी धूसर का?’ कारण ३८४० पिक्सेल पूर्ण वर्तुळात वाटले जातात. एका वेळी आपल्याला साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे फक्त ९६० पिक्सेल. ५.७के कॅमेऱ्यात हेच १४४० होतात.

आता खरी गोष्ट. नेहमीच्या रॅप व्हिडीओत बीटवर धडाधड कट मारतात. ते इथे केलं तर हेडसेट घातलेल्याला गरगरतं. शिवाय कुठे बघायचं हे एडिटर नाही, बघणारा ठरवतो. मला विचाराल तर यावर हिपहॉपकडेच उत्तर आहे: सायफर. पोरं गोल करून उभी राहतात आणि एकामागून एक रॅप करतात. आपल्याला वारीतलं रिंगण माहीत आहे, तसाच गोल. कॅमेरा मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, अजिबात न हलवता ठेवा. एकाचा वर्स संपला की पुढचा आवाज पाठीमागून आला पाहिजे, मग बघणारा आपोआप वळतो. त्यासाठी चार चॅनलचा अँबिसॉनिक आवाज लागतो. बीट मात्र साध्या स्टिरिओतच ठेवा, नाहीतर मान वळवली की तीही फिरते.

लोकेशन म्हटलं की नाशिकमध्ये पहिलं नाव गोदाघाटाचं येतं. इथेच थांबा. साध्या कॅमेऱ्यात नको ते फ्रेमबाहेर ठेवता येतं, इथे फ्रेमला बाहेरच नाही. रामकुंडावर कुणी अस्थी विसर्जन करत असतं, कुणी अंघोळ करत असतं. तुमच्या गाण्याच्या पाठीमागे ती माणसं स्पष्ट दिसणार, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसणार. चेहरे धूसर करता येतात, पण पूर्ण वर्तुळात ते काम फार किचकट आहे. गच्ची, कॉलेजचं मैदान, गंगापूर रोडच्या बाजूचं मोकळं शेत (मालकाला विचारून) बरं. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे ट्रायपॉडसह शूटिंगला आधी परवानगी काढा.

आधी वीस सेकंदांची चाचणी घ्याच. माझ्या पहिल्या चाचणीत मीच ट्रायपॉडशेजारी उभा दिसत होतो! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी रोप उगवतानाची छोटीशी फिल्म करून पैसे लावणाऱ्यांना पटवलं होतं.

अपलोड करताना शेवटची अडचण येते. एडिटिंगमध्ये कधी कधी ३६० चा मेटाडेटा गळून जातो आणि व्हिडीओ सपाट, ताणलेला दिसतो. गूगलचं ‘स्पेशिअल मीडिया मेटाडेटा इंजेक्टर’ हे मोफत टूल तो परत जोडतं. अपलोडनंतर यूट्यूबला प्रोसेसिंगला वेळ लागतो, तोवर ग्रुपवर लिंक टाकू नका.