परावर्तित सिग्नलचा इतिहास: समुद्रकाठच्या कड्यापासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंत

पेट किंवा नेटची तयारी करताना इंटरफेरन्सच्या धड्यात 'लॉइडचा आरसा' येतो. आपण सूत्र पाठ करतो आणि पुढे जातो. हम्फ्री लॉइडने 1834 साली दाखवलेला हा प्रयोग अगदी साधा आहे. एकाच उगमातून निघालेला थोडा प्रकाश थेट पडद्यावर येतो, थोडा आरशावरून परावर्तित होऊन येतो आणि दोन्ही मिळून उजेड-काळोखाचे पट्टे तयार होतात. आज हाच प्रयोग गच्च्यांवर आणि टॉवरवर रोज चालू असतो. तिथे मात्र त्याला 'लिंक सारखी पडते' असं म्हणतात.

समजा, एका जलाशयाच्या दोन काठांवर 5 किलोमीटर अंतरावर वायरलेस इंटरनेटचे दोन अँटेना आहेत. दोन्ही पाण्यापासून 20 मीटर उंच. रिसीव्हरकडे एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. या दोन वाटांमधला फरक काढायचं सूत्र सोपं आहे: दोन उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. उत्तर येतं 16 सेंटिमीटर. 5 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 6 सेंटिमीटर. म्हणजे हा फरक 3 सेंटिमीटरने, अर्ध्या तरंगलांबीने बदलला की बेरजेची वजाबाकी होते. आता पावसाळ्यात पाणी 2 मीटर चढलं तर? उंची 18 मीटर, फरक सुमारे 13 सेंटिमीटर. उन्हाळ्यात छान चालणारी लिंक भर पावसाळ्यात बसते. मग आपण पावसाला दोष देतो, केबल बदलतो, कनेक्टर बदलतो, शेवटी रेडिओही बदलतो. पण दोष पेटीत नसतोच, तो भूमितीत असतो.

आता याच भूमितीचा इतिहास बघू. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, रडारसाठी सिडनीत रेडिओफिजिक्स प्रयोगशाळा सुरू झाली. समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या रडारला थेट लहर आणि पाण्यावरून आलेली लहर अशा दोन्ही मिळतात, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. रडारसाठी ही कटकट होती, कारण काही कोनांत सिग्नल जवळपास नाहीसाच व्हायचा.

युद्ध संपलं आणि 1946 च्या सुरुवातीला जोसेफ पॉसी, रुबी पेन-स्कॉट आणि लिंडसे मॅकक्रेडी यांनी हीच कटकट कामाला लावली. डोव्हर हाइट्सच्या कड्यावर, समुद्रापासून सुमारे 85 मीटर उंचीवर, रडारचा अँटेना होता. त्यांनी तो उगवत्या सूर्याकडे ठेवला. सूर्य वर येऊ लागला तसा सिग्नल कमी-जास्त होऊ लागला. समुद्र हाच लॉइडचा आरसा! सिग्नल किती खोल पडतो यावरून उगमाचा आकार कळतो आणि पट्ट्यांच्या जागेवरून त्याची दिशा. निष्कर्ष असा निघाला की ही रेडिओ लहर संपूर्ण सूर्यबिंबातून येत नाही, सौर डागांच्या परिसरातून येते. 1947 च्या त्यांच्या पेपरमध्ये आणखी एक कल्पना मांडलेली आहे: अशी अनेक निरीक्षणं फुरियर गणिताने एकत्र केली तर आकाशाचं चित्र उभं करता येईल. पुढचं बरंचसं रेडिओ खगोलशास्त्र या कल्पनेवर उभं आहे.

पेन-स्कॉट यांचं पुढे काय झालं तेही वाचून ठेवा. विवाहित स्त्रीला कायम सरकारी पद ठेवता येत नसे, म्हणून त्यांनी 1944 चं लग्न लपवलं होतं. ते उघड झालं आणि 1950 मध्ये त्यांचं कायमपद गेलं. 1951 मध्ये बाळंतपणाआधी त्यांनी नोकरी सोडली, आणि या क्षेत्रातलं त्यांचं संशोधन तिथेच थांबलं.

या प्रयोगशाळेचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1953 मध्ये गोविंद स्वरूप तिथे पॉसींकडे शिकायला गेले. सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या 32 लहान डिश पुढे भारताला मिळाल्या आणि 1965 मध्ये कल्याणला त्यांची दुर्बीण उभी राहिली. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

आता परत वायरलेस इंटरनेटकडे. शहरात परावर्तनाचा दुसरा प्रकार भेटतो. समोरच्या इमारतीवर आपटून आलेली लहर 150 मीटर जास्त चालली, तर ती अर्धा मायक्रोसेकंद उशिरा पोचते. सेकंदाला 2 कोटी बिट पाठवत असाल तर तेवढ्या वेळात 10 बिट येऊन गेलेले असतात. जुना प्रतिध्वनी नव्या बिटांवर बसतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केलं, तेही याच रेडिओफिजिक्स विभागात. त्याआधी ओ'सुलिव्हन यांनी स्फोट होणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओ सिग्नल शोधले होते. स्फोट सापडले नाहीत, पण विस्कटलेला सिग्नल फुरियर गणिताने सावरायचा सराव झाला. त्यांच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट 1996 चं.

मात्र 'वायफाय कृष्णविवरांतून निघालं' हे वाक्य प्रपोजलमध्ये लिहू नका. वेगवान डेटा अनेक संथ उपवाहकांवर वाटून पाठवण्याची कल्पना रॉबर्ट चँग यांनी 1966 मध्ये मांडली होती, आणि 1971 मध्ये वाइनस्टाइन व एबर्ट यांनी ती फुरियर रूपांतराने करून दाखवली होती. 1999 च्या 802.11ए मानकात हे सगळे धागे एकत्र दिसतात. त्यात प्रत्येक चिन्हाआधी 0.8 मायक्रोसेकंद मोकळे ठेवलेले असतात. तेवढ्यात 240 मीटर जास्त चालून आलेला प्रतिध्वनी सामावतो.

मग जलाशयावरची लिंक का बसते? हिशोब करा. 16 सेंटिमीटरचा उशीर म्हणजे अर्धा नॅनोसेकंद. तो त्या मोकळ्या जागेत सहज मावतो, म्हणजे बिट एकमेकांवर चढतच नाहीत. पण दोन लहरी एकमेकींना खोडतात, आणि सिग्नलच उरला नाही तर गणित सावरणार काय? लांबचा प्रतिध्वनी गणिताने सुटतो. जवळचा सोडवायला शिडीच लागते: अँटेनाची उंची बदला, मधल्या जमिनीचा आडोसा घ्या, किंवा वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना लावा.

'रिफ्लेक्शन' हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांना वापरला जातो. म्हणून कुठलीही त्रुटी 'नॉइज' म्हणून गाळण्याआधी तिचा आलेख काढा. ती कशाबरोबर बदलते: उंचीबरोबर, पाण्याच्या पातळीबरोबर की फ्रिक्वेन्सीबरोबर? डोव्हर हाइट्सला सूर्याच्या उंचीबरोबर बदलणारा आलेख होता, म्हणून सूर्याबद्दल काही कळलं.

जाता जाता एक गणित: वरच्या उदाहरणात एकच अँटेना हलवून लिंक तळापासून शिखरावर आणायची तर तो किती वर न्यावा लागेल? उत्तर 3.75 मीटर येतं. कसं, ते स्वतः काढून बघा.