रुमालातील पत्रे आणि संगणकातील पत्रे

आमच्या निपाणीच्या जुन्या घरात माळ्यावर एक शिसवी पेटी असे. तीत तांबड्या कापडात बांधलेले कागदांचे सात रुमाल होते. पावसाळा सरला की आजोबा ते खाली उतरवीत, अंगणात सतरंजी अंथरून कागदांना ऊन दाखवीत, मध्ये वेखंडाचे तुकडे व तंबाखूची चार पाने घालून पुन्हा गाठ मारीत. मोडी वाचणारे घरात ते एकटेच. आम्हां मुलांना हात लावण्याची मुभा नव्हती. त्या वार्षिक विधीचा खरा अर्थ आम्हांस उमगला तो पुष्कळ वर्षांनी, २००७ साली, बेळगावच्या घरी एका कोऱ्या संगणकापुढे बसलो असता.

हकीकत अशी. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, नोकरीनिमित्त परदेशी गेले व तेथेच स्थायिक झाले. आजोबांकडून मोडी शिकले ते एकटेच. १९९८ साली ते आले तेव्हा त्यांनी सातही रुमालांच्या छायाप्रती काढून नेल्या. पुढे २००२ पासून ते आम्हांस ई-मेलने पत्रे लिहू लागले. आपले घराणे या सीमाभागात कोणत्या पिढीत आले, निपाणीकर देसायांच्या पदरी कोणी कारकुनी केली, कोणत्या इनामाचा तंटा किती वर्षे चालला, हे सारे त्या कागदांच्या आधारे ते क्रमाने कळवीत. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पत्राच्या माथ्यावर क्रमांक घालीत. २००६ च्या प्रारंभी एकाहत्तरावे पत्र आले आणि पुढच्याच महिन्यात दादा गेले.

दरम्यान निपाणीच्या घराचे छप्पर गळून दोन रुमाल भिजले होते व राहिलेले काम वाळवीने पुरे केले होते. वहिनी लहान घरात राहावयास गेल्या तेव्हा छायाप्रतींचे गठ्ठेही निकालात निघाले. त्या दोन रुमालांत काय होते हे सांगणारी दादांची पत्रे तेवढी जगात उरली, आणि ती आमच्या संगणकात होती. २००७ च्या पावसाळ्यात त्या यंत्रात विषाणू शिरला. ओळखीच्या एका जाणकार तरुणाने ते नेले व दोन दिवसांनी अगदी नव्यासारखे करून आणून दिले. पत्रांची पेटी उघडली तो आत एकही पत्र नाही. तो बिचारा म्हणाला, “काका, सी ड्राइव्ह पुसूनच विंडोज नव्याने घातले. पत्रे आत आहेत हे तुम्ही सांगितले नाही.” खरेच, आम्ही सांगितले नव्हते. पत्रे संगणकात नेमकी कोठे राहतात, हे आम्हांसच ठाऊक नव्हते.

महसूल खात्यात उभी हयात काढलेल्या माणसास ही गोष्ट लाज आणणारी होती. आपल्याकडील दप्तराची शिस्त जुनी आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला. मराठेशाहीच्या कचेरीत पत्र रवाना होण्यापूर्वी त्याची नक्कल ठेवीत व बारनिशीत नोंद करीत. बारनिशी हा शब्द तर आमच्या नोकरीतही आवक-जावक वहीला चिकटून होता. या शिस्तीमुळेच १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही तिचे दप्तर उरले. इंग्रजांनी ते जमिनीच्या व इनामांच्या चौकशीसाठी जपले, आणि त्यातूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले.

पण सगळीच दप्तरे इतकी सुदैवी नव्हती. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. शिवकाळातील मूळ राजदप्तर आज अखंड स्वरूपात उपलब्ध नाही. मग त्या काळाचा इतिहास लिहिला गेला कसा? एक तर स्मरणातून. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. दुसरे, पत्रे ज्यांना गेली त्यांच्या घरांतून. देशमुख-देशपांड्यांची वतनी दप्तरे, मठ-देवस्थानांचे कागद, सुरत-राजापूर-कारवार येथील इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार, गोव्यातील पोर्तुगीज दप्तर, या साऱ्यांतून ते चित्र जुळवावे लागले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले ते याचसाठी. १८९८ मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला व १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आमच्या शेजारच्या मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. पुण्याच्या दरबारातील कितीतरी घडामोडी आपणांस कळतात त्या मिरजेस आलेली पत्रे तेथे जपली गेली म्हणून. पत्राला दोन टोके असतात, आणि एक टोक जळाले तरी दुसरे शोधता येते, हा या थोर मंडळींचा धडा आहे. २००७ साली तोच आमच्या कामी आला.

संगणकातील पत्रांची व्यवस्था कळली तेव्हा तीही दप्तरासारखीच असल्याचे ध्यानी आले. आपल्या देशात सामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आरंभीच्या काळात घरोघरी दूरध्वनीच्या तारेवरून ‘डायल’ करून जोडणी घ्यावी लागे. मिनिटामिनिटाचा आकार पडे, म्हणून पत्रे भराभर आपल्या यंत्रात उतरवून जोडणी तोडण्याची सर्वांना सवय. आऊटलुक एक्स्प्रेस हा कार्यक्रम पत्रे उतरवून घेई आणि, वेगळी सूचना दिली नसल्यास, सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रावरील प्रत पुसून टाकी. म्हणजे टपालकचेरीत काही उरत नसे. जी काय प्रत, ती आपल्याच घरी. आलेल्या पत्रांची एक फाइल, पाठविलेल्यांची दुसरी, अशी ती मांडणी असे. पण हे सारे विंडोजच्या अशा एका कप्प्यात असे की तो नेहमीच्या पाहणीत दिसतही नसे. ‘माय डॉक्युमेंट्स’ची प्रत काढून निर्धास्त झालेल्या कित्येकांची पत्रे याच कारणाने गेली. पत्त्यांची वहीसुद्धा निराळ्या जागी असे. पेटी जपली पण किल्लीची आठवण राहिली नाही, असाच तो प्रकार.

तथापि सारेच संपले नव्हते. डिस्क झटपट ‘फॉरमॅट’ केली म्हणजे तीवरील मजकूर तत्क्षणी नाहीसा होतो असे नाही. बहुधा पुसली जाते ती सूची. बारनिशीची वही फाडून टाकली तरी रुमाल कपाटातच राहावेत, तसे हे आहे. मात्र त्याच जागी नवे लिखाण झाले की जुने कायमचे जाते. म्हणून पत्रे हरवल्याचे कळताच ते यंत्र वापरणे थांबवावे, डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी व पुनर्प्राप्तीचा कार्यक्रम चालवावा, ही रीत. आमच्या डिस्कवर नवे विंडोज आधीच बसले होते. म्हणजे काही रुमालांवर नव्या कागदांचे ढीग पडले होते.

शोधाला आरंभ झाला. २००४ साली कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही पत्रांच्या फाइली एका सीडीवर उतरविल्या होत्या व साफ विसरून गेलो होतो. ती सीडी पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडली. तीत पहिली अडतीस पत्रे होती. कोल्हापूरच्या एका जाणकाराने डिस्कवरून आणखी चौदा मिळवून दिली. त्यांतील काहींचा शेवट तुटलेला होता. पुढच्या एकोणीस पत्रांसाठी आम्ही खरेशास्त्र्यांचा मार्ग धरला व दुसऱ्या टोकाकडे वळलो. पुतण्याने वडिलांच्या जुन्या यंत्रातील पाठविलेल्या पत्रांचा कप्पा धुंडाळून तेरा पत्रे धाडली.

ती पत्रे उघडली आणि दुसरे संकट उभे राहिले. पडद्यावर मराठी नव्हते, रोमन अक्षरांची व चिन्हांची नुसती खिचडी होती. दादा ‘शिवाजी’ टंकातून लिहीत. त्या काळच्या मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये तो टंकच नव्हता. पत्र हाती आहे, कागद शाबूत आहे, पण लिपी वाचणारा घरात कोणी नाही! माळ्यावरील पेटीपुढे आम्ही लहानपणी जसे उभे राहात असू, तसेच पुन्हा उभे होतो. सुदैवाने टंक मिळाला व अक्षरे डोळ्यांपुढे आली. पुढे तो सर्व मजकूर आम्ही युनिकोडमध्ये उतरवून घेतला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्यामुळे टंक बदलला तरी मजकूर बदलत नाही. २०१४ साली मोडी लिपीचाही युनिकोडमध्ये समावेश झाला, हे वाचून दादांची फार आठवण झाली.

त्याच २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून आमच्या शहराचे नाव शासकीय दप्तरी बेळगावी झाले. जुन्या ई-मेलांत शोध घ्यायचा तर दोन्ही नावे घालून पाहावी लागतात. १९५६ पूर्वीचे मुंबई राज्यातील कागद, त्यानंतरचे म्हैसूर राज्याचे व १९७३ पासूनचे कर्नाटकाचे, अशी आपल्या सीमावासीयांच्या घरातील कागदांची तीन शिक्क्यांची परंपरा आहे. घर तेच, शेत तेच, दप्तराची भाषा तेवढी बदलत गेली. सेवेत असताना ‘भूमी’ योजनेखाली राज्यातील सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविले गेले, तेव्हा आम्ही त्या कामात होतो. सरकारी उताऱ्याची काळजी वाहण्यास सरकार आहे. शेत कोणाच्या नावे, हे त्यातून कळेल. ते मिळविण्यासाठी आजी कशी तीन पावसाळे कचेरीत खेटे घालीत होती, हे मात्र घरच्या पत्रांतूनच कळावयाचे, आणि त्यांना वाली आपणच.

आता पत्रे आपल्या यंत्रात न राहता मोठ्या कंपन्यांच्या भांडारात राहतात, म्हणून चिंता मिटली असे पुष्कळांस वाटते. २००४ च्या १ एप्रिलला जीमेल सुरू झाले तेव्हा एक गिगाबाइट जागा फुकट, ही गोष्ट नवलाची वाटली होती. पण २०११ च्या फेब्रुवारीअखेर त्यांच्याच एका चुकीमुळे काही खात्यांतील सारी पत्रे एका रात्रीत दिसेनाशी झाली. प्रमाण शेकडा ०.०२ इतके अल्प होते, तरी ज्यांची गेली त्यांची सर्वच गेली. ती परत आणली गेली चुंबकीय फितींवरून, म्हणजे मुख्य यंत्रांपासून अलग ठेवलेल्या प्रतींवरून. शिवाय दोन वर्षे न उघडलेले खाते काढून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला व त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तो अमलात आणला. दिवंगत माणूस आपले खाते उघडणार कसे? आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांतील घराघरांचा जिव्हाळा याच खात्यांत साठला आहे. ‘टेकआउट’ या सोयीने सर्व पत्रांची प्रत उतरवून घेता येते. ती दोन ठिकाणी, शक्य तर दोन गावी ठेवावी, वर्षातून एकदा उघडून पाहावी, आणि महत्त्वाची पत्रे चांगल्या कागदावर छापून घ्यावीत. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी तर ही प्रत हवीच.

आम्ही हे शिकलो ते किंमत मोजून. एकाहत्तरांपैकी पासष्ट पत्रे परत आली, सहा आली नाहीत. त्यांतील चार लागोपाठची आहेत, छप्पन्न ते एकोणसाठ. पंचावन्नाव्या पत्राच्या शेवटी दादांनी लिहिले होते की, भिजलेल्या रुमालांतील एका कागदावर आपल्या पणजीची सही आहे, बाईमाणसाची सही त्या काळी का घ्यावी लागली ते पुढील पत्री कळवितो. ते पुढील पत्र आमच्यापाशी नाही.

उरलेले पाच रुमाल आता बेळगावच्या घरी आहेत. पावसाळा सरला की आम्ही ते उन्हात घालतो, वेखंड बदलतो, आणि त्याच दिवशी दादांच्या पत्रांची प्रत काढून एक येथे ठेवतो व एक पुतण्याकडे धाडतो. यंदा नातीने विचारले, आजोबा, दोन्ही एकाच दिवशी का? तिला जवळ बसवून सातही रुमालांची गोष्ट सांगितली. सही करणाऱ्या पणजीपाशी येऊन मात्र थांबावे लागले.