गुडघा कोणाचा, हे पाहून ठरणारी श्रद्धा

"खेळात धर्म आणू नका" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. वाक्य चांगले आहे. पण ते कोणाला ऐकवले जाते आणि कोणाला ऐकवले जात नाही, याचा हिशोब मांडला की त्यातली गोम कळते. हा हिशोब मी अमेरिकेच्या उदाहरणावर मांडणार आहे. अमेरिकेतील काळ्या माणसांचा इतिहास आपल्या चळवळीला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तिकडच्या मैदानावर काय चालते हे समजून घेणे आपल्याही कामाचे आहे.

ज्या खेळाबद्दल बोलायचे आहे तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात, एकमेकांना आडवे पाडतात. या खेळाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डावपेचाची सुरुवात त्याच्या हातून होते. पैसा, जाहिराती, कौतुक, सगळे आधी त्याच्याकडे जाते.

टिम टीबो हा असा एक गोरा क्वार्टरबॅक. १९८७ साली फिलिपाइन्समध्ये बाप्टिस्ट धर्मप्रचारक आईवडिलांच्या पोटी जन्मलेला. शिक्षण घरीच झाले. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ साली त्याला हाइझमन करंडक मिळाला. विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात असताना हा मान मिळवणारा तो पहिलाच. जानेवारी २००९ मधील अंतिम सामन्यात त्याने डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा ३:१६ हा संदर्भ लिहिला आणि कोट्यवधी लोकांनी तो इंटरनेटवर शोधला. पुढच्या वर्षी विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने अशा पट्टीवर काहीही लिहिण्यास बंदी घातली. फेब्रुवारी २०१० मध्ये, देशातला सर्वात जास्त पाहिला जाणारा सामना सुरू असताना, त्याची आणि त्याच्या आईची जाहिरात झळकली. पैसे गर्भपातविरोधी कट्टर ख्रिस्ती संघटनेचे होते. महिला संघटनांनी आधीच निषेध केला होता. गंमत अशी, की सर्वांना सामावून घेणाऱ्या, समलिंगी जोडप्यांनाही दार उघडे असल्याचे सांगणाऱ्या एका चर्चची जाहिरात याच वाहिनीने २००४ साली वादग्रस्त ठरवून नाकारली होती.

२०१० मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोस या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत घेतले. २०११ च्या हंगामात संघ पाचपैकी चार सामने हरल्यावर, प्रेक्षकांच्या आग्रहापुढे म्हणा किंवा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून म्हणा, त्याला मुख्य क्वार्टरबॅक केले गेले. २३ ऑक्टोबरला मायामीविरुद्ध तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरला असताना संघ ०-१५ ने मागे होता. तो सामना त्यांनी १८-१५ असा जिंकला. मैदानावर एक गुडघा टेकून, मूठ कपाळाला लावून प्रार्थना करणारा टीबो देशभर पोहोचला. त्या मुद्रेला त्याच्याच नावावरून 'टीबोइंग' हे क्रियापद मिळाले. पोरे शाळेत, नवरा-नवरी लग्नात, पर्यटक स्मारकांसमोर तशी मुद्रा करून फोटो काढू लागले.

चाहत्यांची मात्र पंचाईत झाली. हा माणूस जिंकत होता, पण त्याची फेक वाकडीतिकडी जात होती. त्या हंगामात त्याच्या निम्म्याहून जास्त फेका वाया गेल्या. पहिली पंचेचाळीस मिनिटे पाहवत नसत आणि शेवटची पाच मिनिटे सोडवत नसत. तो आजारी मुलांना सामन्याला बोलवायचा, त्यांच्याशी वेळ घेऊन बोलायचा. पुढे त्याच्या संस्थेच्या मदतीने फिलिपाइन्समध्ये मुलांसाठी अस्थिरोगाचे रुग्णालयही उभे राहिले. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. ज्यांना त्याचा गर्भपातविरोध पटत नव्हता, त्यांनाही माणूस म्हणून तो आवडत होता, आणि याचीच त्यांना चीड येत होती. डेन्व्हरचाच जुना क्वार्टरबॅक जेक प्लमर म्हणाला की येशूप्रेम आम्हाला कळले, आता ते पुन्हापुन्हा सांगणे थांबव. कर्ट वॉर्नर तर स्वतः उघडपणे धार्मिक खेळाडू. त्यानेही सल्ला दिला की शब्द कमी कर, जगण्यातून दिसू दे. श्रद्धाळू ख्रिश्चनांमध्येही अवघडलेपण होते, कारण लोकांना दिसावी म्हणून प्रार्थना करू नका, दार लावून करा, अशी शिकवण त्यांच्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

इथपर्यंत हा वाद आवडीनिवडीचा वाटतो. तो तसा नाही, हे ८ जानेवारी २०१२ च्या सामन्याकडे नीट पाहिले की कळते.

त्या दिवशी डेन्व्हरने पिट्सबर्गला जादा वेळेत २९-२३ असे हरवले. जादा वेळेतल्या पहिल्याच चेंडूवर टीबोने फेक केली आणि ८० यार्डांवर गुण मिळाले. सामन्यात त्याच्या फेकींचे एकूण अंतर भरले ३१६ यार्ड. झेललेल्या प्रत्येक फेकीची सरासरी ३१.६. झाले! तीन-सोळा, योहान तीन-सोळा. देवानेच आकडा लिहिला म्हणून देशभर चर्चा.

आता बुद्धाच्या माणसाने इथे काय विचारायचे? हे आहे, म्हणून ते झाले. मग 'हे' म्हणजे काय काय? प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना मी कधीकधी हेच उदाहरण घेते. पोरांना सूत्रापेक्षा सामना लवकर समजतो. त्या ८० यार्डांतले बहुतेक अंतर चेंडू हवेत नव्हताच. डिमॅरियस थॉमस या काळ्या खेळाडूने तो मैदानाच्या मध्याच्याही अलीकडे झेलला, अडवायला आलेल्याला एका हाताने ढकलले आणि उरलेले अंतर तो स्वतःच्या पायांनी पळाला. टीबोला अचूक फेकता येत नाही, तो पळायचाच डाव टाकणार, असे गृहीत धरून पिट्सबर्गचे बचावपटू पुढे सरसावून उभे होते. मागे मैदान मोकळे. मागची जागा राखणारा रायन क्लार्क त्या दिवशी संघात नव्हता. तोही काळा. त्याच्या रक्तात सिकलसेलचा गुण आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, हवा विरळ. २००७ मध्ये तिथेच खेळल्यावर त्याची प्रकृती इतकी बिघडली की प्लीहा आणि पित्ताशय काढावे लागले. म्हणून प्रशिक्षकाने त्याला बसवले. सिकलसेल काय असतो हे विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

थॉमस अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईला आणि आजीला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली होती. आईला वीस वर्षे, आजीला जन्मठेप. त्या रात्री दोघी तुरुंगातल्या टीव्हीवर त्याला पळताना पाहत होत्या. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी कायद्यांनी काळ्या कुटुंबांचे काय केले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच, की त्या आठवड्यात चमत्कार टीबोच्या नावावर जमा झाला. पळणाऱ्याचे पाय, तुरुंगातली आई, आजारी रक्तामुळे घरी बसलेला बचावपटू, यांच्यापैकी कशालाच त्या कथेत जागा नव्हती. चमत्कार मानला की श्रम पुसले जातात. आपल्याला ही पद्धत चांगली माहीत आहे. मंदिर बांधणारे पाथरवट विस्मरणात जातात आणि मंदिर एका रात्रीत देवाने बांधले अशी आख्यायिका उरते.

बरे, चमत्कार घडायला आधी चेंडू हातात यावा लागतो. तो कोणाच्या हातात येतो याचाही इतिहास आहे. १९३४ ते १९४६ या काळात या व्यावसायिक लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. दार उघडल्यावरही जागा वाटलेल्या होत्या: धावण्याच्या, धडका देण्याच्या जागा काळ्यांना, विचार करण्याची, हुकूम देण्याची जागा गोऱ्यांना. समाजशास्त्रात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. लॉय आणि मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी १९७० साली त्याची मांडणी केली. एम.ए.ला हे वाचताना मला तो खेळाचा सिद्धान्त वाटलाच नाही. गावगाड्यातली कामाची वाटणीच कोणीतरी इंग्रजीत लिहिली आहे असे वाटले. याच डेन्व्हर संघात १९६८ साली मार्लिन ब्रिस्को हा काळा तरुण क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्या हंगामात त्याच्या फेकींवर १४ टचडाउन झाले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा नाकारली गेली. संघ सोडून तो दुसरीकडे चेंडू झेलणारा खेळाडू झाला. टीबोलाही जाणकार सांगत होते की तुझी फेक क्वार्टरबॅकची नाही, जागा बदल. त्याने नकार दिला, तर ती त्याची जिद्द ठरली. ब्रिस्कोला नकार देण्याची संधीच कोणी दिली नाही.

आता गुडघ्याकडे येऊ. मैदानावर गुण मिळवून गुडघा टेकण्याची प्रथा टीबोने सुरू केलेली नाही. ९ ऑक्टोबर १९७७ रोजी फिलाडेल्फियाचा हर्ब लस्क ७० यार्ड पळत गेला आणि शेवटच्या रेषेपलीकडे गुडघा टेकून त्याने प्रार्थना केली. व्यावसायिक फुटबॉलमधली ही पहिली ठळक प्रार्थना मानली जाते. लस्क काळा होता. पुढे तो फिलाडेल्फियातच चर्चचा पाळक झाला. शब्दकोशात क्रियापद मात्र चौतीस वर्षांनंतरच्या गोऱ्या खेळाडूचे गेले.

प्रार्थना वेगळ्या देवाची असली तर? पुन्हा डेन्व्हरलाच जाऊ, फक्त खेळ बास्केटबॉल. १९९६ मध्ये डेन्व्हर नगेट्सचा महमूद अब्दुल-रऊफ राष्ट्रगीताला उभा राहत नव्हता. पूर्वी त्याचे नाव ख्रिस जॅक्सन, १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारलेला. हा झेंडा अत्याचाराचे प्रतीक आहे आणि माझा धर्म मला अन्यायासोबत उभे राहू देत नाही, अशी त्याची भूमिका. लीगने मार्चमध्ये त्याला निलंबित केले. शेवटी तो उभा राहील पण मान खाली घालून स्वतःची प्रार्थना म्हणेल, अशी तडजोड झाली. हंगाम संपताच डेन्व्हरने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवले. ज्या शहराने पंधरा वर्षांनंतर प्रार्थनेला डोक्यावर घेतले, तेच हे शहर.

सप्टेंबर २०१४ मध्ये कॅन्सस सिटीचा हुसेन अब्दुल्ला याने प्रतिस्पर्ध्याची फेक पकडून गुण मिळवले आणि जमिनीवर सजदा केला. पंचांनी १५ यार्डांचा दंड ठोकला. जमिनीवर आडवे होऊन आनंद साजरा करायचा नाही, असा नियम. स्वतः अब्दुल्लाचे म्हणणे की दंड सजद्याच्या आधी घसरत गेल्याचा असावा. दुसऱ्या दिवशी लीगने जाहीर केले की दंड चुकीचा होता, धार्मिक कृतीला तो लागू नाही. चूक मान्य केली हे चांगलेच. पण गुडघा ही प्रार्थना आहे हे पंचाच्या नजरेला लगेच समजते आणि कपाळ टेकले तर नियमावली उघडावी लागते, यातच सगळे आले.

आणि कॉलिन केपर्निक. टीबोनंतर तीन महिन्यांच्या आत जन्मलेला, त्याच्यासारखाच क्वार्टरबॅक, त्याच्यासारखाच ख्रिश्चन. बाप्तिस्मा मेथडिस्ट, दृढीकरण ल्यूथरन. दंडावर बायबलमधली वचने गोंदलेली. म्हणजे इथे प्रश्न वेगळ्या देवाचाही नव्हता. २०१६ मध्ये पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांसाठी तो आधी राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. मग एका माजी सैनिकाशी बोलून, आदर राहावा म्हणून, १ सप्टेंबरला त्याने गुडघा टेकला. सोबत एरिक रीडही टेकला. रीडने नंतर लिहिले की बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात कृतीवाचूनची श्रद्धा मेलेली म्हटली आहे, आणि तीच आपली प्रेरणा. तरीही टीबोचा गुडघा धर्म ठरला आणि यांचा देशद्रोह. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत अशा खेळाडूंना शिवी घालून मैदानाबाहेर काढा म्हटले, आणि सभेने जल्लोष केला. त्या जल्लोषात टीबोच्या प्रार्थनेने गहिवरलेले किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आपले काही मित्र म्हणतील, टीबो असो की केपर्निक, देवाचे नाव घेणारे दोघेही आपल्याला सारखेच. मला हे पटत नाही. विजयासाठी गुडघा टेकणे आणि मेलेल्या माणसासाठी टेकणे, यातला फरक ज्याला दिसत नाही त्याचा निरीश्वरवाद फार स्वस्त आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला, तेव्हाही त्यांचा रोख माणसाने आपली बुद्धी दुसऱ्याच्या पायाशी ठेवण्यावर होता. टीबोच्या चाहत्यांनी नेमके ते केले. आकडे फेक वाया जात असल्याचे सांगत होते, ते आकड्यांतच देव शोधत राहिले. आपल्यातल्या ज्यांना नेत्याच्या पोस्टरपुढे प्रश्न सुचत नाहीत, त्यांनी या चाहत्यांना हसू नये.

पुढचे थोडक्यात. मार्च २०१२ मध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंग हा नामांकित क्वार्टरबॅक आणला आणि टीबोला न्यूयॉर्कला पाठवून दिले. देवापेक्षा अचूक फेक बरी, हा हिशोब मालकांना चाहत्यांच्या आधी कळला होता. त्या हंगामानंतर टीबो लीगचा एकही नियमित सामना खेळला नाही. केपर्निकचा शेवटचा सामना १ जानेवारी २०१७ चा. त्यानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही. संघांनी संगनमत केल्याची त्याची तक्रार २०१९ मध्ये तडजोडीने मिटली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, लीगच्या आयुक्तांनी कबूल केले की खेळाडूंचे आधी ऐकायला हवे होते. मे २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलच्या संघाने टीबोशी करार केला. त्याचे विद्यापीठातले प्रशिक्षक आता तिथे मुख्य प्रशिक्षक होते. आठ वर्षांहून अधिक काळ नियमित सामना न खेळलेल्या माणसाला, व्यावसायिक खेळात कधीही न सांभाळलेल्या टाइट एंडच्या जागेसाठी. ऑगस्टमध्ये त्याला काढलेही. त्या मे महिन्यात दोघेही ३३ वर्षांचे होते. केपर्निक तेव्हाही सराव करत होता आणि त्याला फोन आला नव्हता.