नक्षीदार रिव्हॉल्व्हरची यंत्रणा आणि जव्हार-मोखाड्याची सीमारेषा

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे शेजारचे तालुके आहेत. ब्रिटिश काळात मात्र त्यांच्यामध्ये राजकीय सीमा होती. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे, नऊ तोफांच्या सलामीचे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले. मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा असून तो ब्रिटिश मुलखात मोडत असे. एकोणिसाव्या शतकातील नक्षीदार रिव्हॉल्व्हरचा अभ्यास करताना ही सीमा महत्त्वाची ठरते. शस्त्र कोणत्या काळातील आहे, हे त्याची यंत्रणा सांगते. ते कोणी बाळगावे, हे राजसत्ता ठरवीत असे.

यंत्रणेचा विकास :
तोड्याच्या बंदुकीत जळती वात, तर चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी दारू पेटवीत असे. पावसात दोन्ही दगा देत. आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ साली घेतले आणि पुढे तांब्याची स्फोटक टोपी प्रचारात आली. सॅम्युअल कोल्ट यांच्या १८३६ च्या अमेरिकन पेटंटातील रिव्हॉल्व्हर याच टोपीवर चाले. अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतील खिटी दातेरी कडेला ढकलून चक्र एक घर पुढे फिरवी आणि अडसर ते नळीच्या रेषेत स्थिर करी. चाप ओढताच घोडा टोपीवर आदळे व ठिणगी कप्प्यातील दारूपर्यंत पोहोचे. प्रत्येक कप्पा मात्र ठासणीच्या बंदुकीप्रमाणे दारू व गोळी घालूनच भरावा लागे. रॉबर्ट ॲडम्स यांच्या १८५१ च्या इंग्रजी रचनेत केवळ चाप ओढल्याने चक्र फिरून बार होई. १८५४ च्या लफोशे रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसातून बाहेर आलेल्या खिळ्यावर घोडा वरून आदळे. पुढे काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात करणारी रचना रूढ झाली. १८८७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर याच प्रकारचे होते.

नक्षी आणि कालनिर्णय :
पोलादावर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविण्याच्या कोफ्तगिरीची परंपरा भारतात जुनी आहे. परंतु असे अलंकरण किंवा हस्तिदंती मूठ शस्त्र तयार झाल्यानंतर कित्येक वर्षांनीही करता येते. म्हणून नक्षीवरून काळ ठरविणे धोक्याचे असते. यंत्रणा निर्मितीची प्राचीनतम मर्यादा दाखविते. नळीवरील व चक्रावरील परीक्षण-मुद्रा ते शस्त्र लंडन, बर्मिंगहॅम की लिएज येथे तपासले गेले, हे सांगतात. नक्षीचा विचार त्यानंतर करणे इष्ट होय.

कायदा आणि सीमा :
१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी केली. युरोपियनांना मात्र नियमांद्वारे सूट होती. हा कायदा मोखाड्यास लागू होता. संस्थानी जव्हार त्याच्या प्रादेशिक कक्षेबाहेर होते. डोंगर एकच, वस्ती पुष्कळशी एकाच आदिवासी समाजांची. तरी सीमेच्या दोन बाजूंस शस्त्राचा कायदेशीर अर्थ भिन्न होता. त्यामुळे रिव्हॉल्व्हरवरील सोनेरी वेलबुट्टी ही केवळ अभिरुचीची खूण ठरत नाही. ज्याला शस्त्र उघडपणे मिरविता येते, तोच ते सजवितो.

निष्कर्ष :
१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार, दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या कालबाह्य वा पुरातन शस्त्रास सूट मिळते. म्हणजे कायदाही नक्षी पाहत नाही, यंत्रणाच पाहतो. सोने चकचकीत करण्याच्या हौसेने मुद्रा घासल्या जातात, दुरुस्तीच्या नावाखाली मूळ घोडा बदलला जातो आणि त्यासोबत पुरावा नष्ट होतो. विद्यार्थ्यांकडून स्थानिक इतिहासाची नोंद करवून घेताना जुन्या शस्त्राला हात न लावता, परवानाधारक तज्ज्ञाच्या उपस्थितीत त्याची यंत्रणा, मुद्रा व मालकीची परंपरा या क्रमाने नोंद होणे आवश्यक आहे. तसे झाल्यास शोभेची वस्तू इतिहासाचे साधन ठरू शकेल.