बसरूरची सफर आणि वाटेवरची बंदरे

मराठ्यांच्या इतिहासाचे चित्र आपल्या मनात घोड्यांच्या टापांनी उमटलेले असते. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरास आले तेही फौजफाट्यासह, खुश्कीच्या वाटेने. साहजिकच कावेरीकाठी वाढलेल्या आपल्या मुलांना प्रतापगड, पुरंदर, रायगड ही नावे सांगावी लागत नाहीत; परंतु मालवण, वेंगुर्ले, अंकोला, होनावर ही नावे त्यांना परकी वाटतात. मराठी राज्याचा एक पाय पाण्यात होता, आणि तो ठेवण्यासाठी लहानलहान बंदरांचाच आधार होता, हे एका सफरीच्या निमित्ताने येथे सांगावयाचे आहे.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणनजीकच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी १६६५ रोजी, शिवाजी महाराज तीन मोठी जहाजे आणि ८५ गलबते घेऊन मालवणहून दक्षिणेस निघाले. महाराजांनी जातीने केलेली ही एकमेव ज्ञात सागरी मोहीम. लक्ष्य होते बेदनूरच्या नायकांच्या मुलखातील बसरूर. तांदळाच्या व्यापाराने संपन्न झालेली, खाडीच्या आत वसलेली पेठ. मालवणपासून हा पल्ला सुमारे तीनशे किलोमीटरचा, आणि मध्ये पोर्तुगीजांचा गोवा.

अशी सफर त्या काळी कशी होत असे, हे ध्यानी घेतल्यावाचून तिचे मोल कळत नाही. किनाऱ्यालगत चालणारे गलबत वाऱ्याच्या दैनंदिन वेळापत्रकाने बांधलेले असे. रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. त्यावर शीड उभारून खाडीतून बाहेर पडावयाचे. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा येतो. त्याच्या बळावर, भरतीची वेळ साधून, पुढच्या खाडीत शिरावयाचे आणि नांगर टाकावयाचा. रात्री अंधारात खडक दिसत नाहीत, खलाशांना विसावा हवा, गोडे पाणी व जळण भरून घ्यावयाचे असते. म्हणून प्रत्येक नदीचे मुख हा एकेक मुक्काम. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागे. उथळ बुडाची गलबते मात्र वल्ही मारीत कोणत्याही खाडीत शिरत. बसरूर गाठावयाचे तेही गंगोळीच्या मुखातून आत वळूनच. शिवाय त्या ऋतूत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येत असल्याने दक्षिणेस जाणे सोपे आणि उत्तरेस परतणे कष्टाचे.

बसरूरची लूट घेऊन महाराज परतीच्या वाटेवर गोकर्णास उतरले. शिवरात्रीचे दिवस होते. त्यांनी तीर्थस्नान केले आणि बहुतेक आरमारास निरोप दिला. पुढे चार हजार पायदळासह ते किनाऱ्याने अंकोल्याकडे चालले. केवळ बारा गलबते त्यांनी जवळ ठेविली. वाटेतील नद्यांवरून सैन्य पार करण्यासाठी! २२ फेब्रुवारीस फौज कारवारनजीक येऊन ठेपली. त्याच रात्री विजापूरकरांचा सरदार शेरखान तेथे पोचलेला होता. बोलणी होऊन खंडणीवर निभावले. इंग्रज वखारवाल्यांना आपल्या वाट्याचे ११२ पौंड भरावे लागले. हा सारा तपशील आपणांस त्याच इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून कळतो.

या सफरीचा काळ मात्र निश्चिंतीचा नव्हता. मिर्झाराजे जयसिंग मोगलांची प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरले होते. ३ मार्च रोजी ते पुण्यास पोचले. महिनाअखेर पुरंदरास वेढा पडला, आणि जूनमध्ये तेवीस किल्ले देऊन तह करावा लागला. संकट असे दाराशी येत असतानाही महाराजांनी आरमाराची परीक्षा स्वतः घेतली, यावरून समुद्राचे महत्त्व त्यांना किती वाटत होते ते दिसते.

त्या जलमार्गाचे ऋण आपल्या तमिळ भूमीशीही जुळलेले आहे. राजाराम महाराज जिंजीस असताना ताराबाई प्रभृती राण्यांना राजापूरकडून गलबताने होनावरपर्यंत नेण्यात आले व तेथून खुश्कीने जिंजीस पोचविण्यात आले. तेव्हा स्वराज्याचा कारभार सांभाळणारे रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. पावसाळ्यापूर्वी आरमार उघड्या समुद्रावर न ठेवता किल्ल्याच्या आश्रयाखालील बंदरात छावणीस आणावे, आणि जहाजांसाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे जुलमाने तोडू नयेत, हे त्यांचे धोरण आजही विचार करावयास लावते.

आपला चोळमंडलाचा किनारा याहून निराळा. येथे कोकणासारख्या खोल खाड्या विरळ. मोठी जहाजे दूर नांगरून माल लहान नावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. कोकणात ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत समुद्र बंद, तर येथे आश्विन-कार्तिकाचा पाऊस धोक्याचा. तरीही या किनाऱ्यावर मराठी खूण आहेच. मल्लिपट्टणमजवळ सरफोजीराजांनी नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेला षट्कोनी, आठ मजली मनोरा समुद्राकडे पाहत उभा आहे. त्यावरील लेखांत मराठीही आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विनंती करावीशी वाटते. तंजावर दरबाराच्या व्यवहाराची मोडी दफ्तरे सरस्वती महालात जतन झालेली आहेत. मात्र मोडी वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. बसरूरची हकीकत इंग्रजांनी लिहून ठेविली म्हणून आपणांस ती तारीखवार सांगता येते. आपल्या पूर्वजांनी स्वतः लिहून ठेविलेले मात्र आपल्याच घरांतील मुलांना वाचता येऊ नये, ही गोष्ट मनास लागते. मंडळाच्या सभागृहात दर रविवारी तासभर मोडीचा वर्ग चालू झाला, तर या महोत्सवाचे खरे स्मारक तेच ठरेल.